मीना शाळेंत कशी गेली?

लहान मुलांसाठीं काढलेल्या हलत्या चित्रांविषयीं मी बोलणार आहें, असें कळल्यावर माझ्या एका स्नेह्यांनीं हंसून विचारलें, "त्यांत बोलण्यासारखें आहे तरी काय? उंदीर मांजराला चकवितो, मांजर भिंतीवर आपटतें, मुलें हंसतात, संपलें!" त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. बहुतेक हलतीं चित्रें याच जातीचीं असतात, आणि तीं तशीं असण्यांत कांहीं वावगेंहि नाहीं. परंतु घरांतील वडील माणसें ज्या पडद्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचीत बसतात, त्याच पडद्यासमोर मूल पापणी न हलवितां बसलेलें असतें. तेथें नायक कोण होतें, मार कोण खातें, कोणाच्या रंगाला हंसलें जातें आणि कोणाची कोणाला आठवणच होत नाहीं, याची नोंद तें मूल न बोलतां करीत असतें. हा धडा क्रमिक पुस्तकांत नसतो, म्हणून त्याची परीक्षा होत नाहीं, इतकेंच.

आज मी मुख्यतः एका मुलीची हकीकत सांगणार आहें. ही मुलगी हाडामांसाची नव्हे. शाईची आणि रंगाची आहे. तिचें नांव मीना. परंतु तिच्याकडे येण्यापूर्वीं एक परदेशची गोष्ट सांगतों, कारण तिच्यावांचून मीनाची थोरवी आणि मीनाची उणीव, दोन्ही नीट ध्यानांत यावयाच्या नाहींत.

१९६८ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं लॉस एंजेलिसकडील एका शिक्षिकेनें चार्ल्स शुल्झ या प्रख्यात व्यंगचित्रकारास पत्र लिहिलें. शुल्झ यांची 'पीनट्स' ही चित्रमाला तेव्हां घरोघर वाचली जात असे. नेहमीं हार खाणारा पण सालस असा चार्ली ब्राऊन, त्याचा स्नूपी नांवाचा कुत्रा आणि शेजारपाजारचीं मुलें, हा त्यांतला परिवार. शिक्षिकेचें मागणें एवढेंच होतें, कीं या टोळक्यांत एखादा निग्रो मुलगा असावा. शुल्झ यांना कल्पना पटली. धास्ती वाटली ती निराळीच. आपण वरच्या पायरीवर उभें राहून उपकार करीत आहों, असें तर तें दिसणार नाहीं ना? पत्रांची देवघेव झाली आणि ३१ जुलै १९६८ रोजीं फ्रँकलिन नांवाचा काळा मुलगा समुद्रकांठीं चार्ली ब्राऊनला भेटला. दोघे मिळून वाळूचा किल्ला करूं लागले. त्या काळच्या अमेरिकेंत ही साधी गोष्ट नव्हती.

पुढें १९७३ सालीं याच मुलांना घेऊन दूरचित्रवाणीसाठीं एका सणाच्या जेवणाचें हलतें चित्र निघालें. तें आजहि पाहावयास मिळतें. टेबलाच्या एका बाजूस फ्रँकलिन एकटा बसला आहे. बाकीची मंडळी समोरच्या बाजूस आणि दोन टोकांना आहेत. चित्र काढणारांचा यांत कांहीं दुष्ट हेतु होता, असें मला वाटत नाहीं. बहुधा कोणाच्या लक्षांतच आलें नसावें. पण पंगतीला बोलावणें वेगळें आणि पंगतींत सामावून घेणें वेगळें, हें ज्या देशानें पंगतींवरून इतके तंटे पाहिले, त्या देशांतील माणसाला फोड करून सांगावें लागत नाहीं.

आतां घराकडे वळूं. फ्रँकलिनच्या त्या जेवणानंतरच्याच वर्षीं, १९७४ सालीं, आपल्याकडे 'एक अनेक और एकता' हें सुमारें सात मिनिटांचें हिंदी चित्र तयार झालें. ज्यांचें बालपण दूरदर्शनच्या एकाच वाहिनीच्या काळांत गेलें, त्यांच्यापुढें या चित्राचें नुसतें नांव काढा. चांगलीं पोक्त माणसें त्यांतलें गाणें गुणगुणूं लागतात. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे. मुंबईंत १९२१ सालीं जन्मलेल्या, विवाहानंतर पाटण्यास गेलेल्या आणि शिक्षणशास्त्राचा अभ्यास इंग्लंडांत करून आलेल्या या बाईंना चित्रपटाचें मनापासून वेड होतें. चित्रपट-मंडळ्यांच्या चळवळींत त्यांनीं सत्यजित राय यांच्याबरोबर काम केलें. चित्रांना चालविण्याचें काम भीमसेन यांनीं केलें. संगीत वसंत देसाई यांचें, म्हणजे 'प्रभात'च्या दिवसांपासून मराठी घरांना परिचित असलेल्या हाताचें. आणि गाण्यांतला मुलीचा आवाज आपल्या साधना सरगम यांचा, ज्या पुढें पार्श्वगायिका म्हणून नांवारूपास आल्या. या चित्रास उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें.

गोष्ट सोपी आहे. खेळणारीं मुलें मोठ्या ताईला विचारतात, एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय. ताई सूर्य दाखविते, चंद्र दाखविते, तारे दाखविते आणि मग पांखरांची जुनी कथा सांगते. पारध्याच्या जाळ्यांत सांपडलेलीं पांखरें एकदम उडालीं, जाळें घेऊनच उडालीं आणि उंदीरमित्रांनीं तें जाळें कुरतडून टाकलें. हितोपदेश वाचलेल्याला ही कथा नवी नाहीं. नवें आहे तें हें, कीं येथें शिकविणारी मुलगी आहे आणि शंका विचारणारा मुलगा. याविषयीं कोणी एक अक्षर बोलत नाहीं, कोणी टाळ्या वाजवीत नाहीं. ताईला समजतें आणि ती समजावून सांगते, झालें! मला त्या चित्रांतील सर्वांत शहाणपणाची जागा हीच वाटते. मात्र त्यांतलें जाळें बाहेरच्या पारध्याचें आहे. तें सर्वांवर सारखेंच पडलेलें असतें आणि म्हणून सर्वांनीं मिळून उडतां येतें. कांहीं जाळीं घरांतच विणलेलीं असतात. एकाच घरट्यांतील एका पिलावर तीं पडतात आणि दुसऱ्यावर पडत नाहींत. अशा जाळ्याचें काय करावयाचें, तें त्या सात मिनिटांत सांगितलेलें नाहीं. तें सांगावयास पुढें मीना आली.

मीनाचे चित्रकार राम मोहन. त्यांचा जन्म १९३१ सालचा. मद्रासेकडे रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते पुढील अभ्यासासाठीं मुंबईस आले आणि रसायनशाळेऐवजीं चित्रशाळेंत शिरले. १९५६ सालीं फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागांत ते दाखल झाले. हिंदुस्थानांतच बालपण घालविलेले आणि डिस्नेच्या चित्रशाळेंत काम केलेले क्लेअर वीक्स हे अमेरिकन गृहस्थ त्या वेळीं तेथें तरुणांना ही विद्या शिकवीत होते. जी. के. गोखले हे आपले मराठी चित्रकारहि त्याच विभागांतले. त्या शिकवणुकींतून जातककथेवरील वटवृक्षाच्या हरिणाचें चित्र १९५७ सालीं निघालें. (दादासाहेब फाळके यांनीं पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत आगकाड्यांना पडद्यावर नाचविलें होतें, हें अभिमानानें आठवावयाचें, परंतु त्या नाचाला पुढें वारस लवकर मिळाला नाहीं, हेंहि कबूल करावयाचें.) राम मोहन यांनीं पुढें सरकारी नोकरी सोडली, १९७२ सालीं स्वतःची संस्था काढली आणि 'शतरंज के खिलाडी'सारख्या चित्रपटांतील हलतीं चित्रेंहि त्यांच्याच हातचीं आहेत.

या कलेचा व्यवहार कसा चालतो, हें थोडें सांगितलें पाहिजे, कारण माझा पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. एका सेकंदांत चोवीस चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरतें धरलें, तरी सेकंदास बारा, मिनिटास सातशें वीस आणि दहा मिनिटांच्या कथेस सात हजारांवर चित्रें लागतात. राम मोहन यांच्या उमेदींत तीं हातानें काढून पारदर्शक पत्र्यांवर रंगवावीं लागत. म्हणून या कलेंत अपघातानें कांहींच येत नाहीं. खऱ्या माणसांच्या चित्रपटांत रस्त्याचें दृश्य घेतांना एखादें मांजर आपोआप आडवें जाईल. येथें मांजर हवें असेल तर तें काढावें लागतें. मुलांच्या घोळक्यांत मुलगी नसली, पांगळा मुलगा नसला, काळा मुलगा नसला, तर तो त्या दिवशीं गैरहजर होता, ही सबब येथें चालत नाहीं. तो काढावा असें कोणाला वाटलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

दक्षिण आशियांतील राष्ट्रांच्या 'सार्क' या संघानें १९९० हें बालिकावर्ष आणि १९९१ ते २००० हें बालिकादशक म्हणून जाहीर केलें. अशा जाहीर झालेल्या वर्षांचें पुढें काय होतें, तें आपण जाणतां: भिंतीवर चित्रें लागतात, भाषणें होतात, वर्ष संपतें. या खेपेस मात्र ढाक्याच्या युनिसेफ कचेरींतील नील मॅकी या कॅनेडियन गृहस्थांच्या मनांत निराळा विचार आला. दशक ज्या बालिकेचें, ती बालिकाच पडद्यावर आणावी. आणि ती परकी नसावी. कामासाठीं राम मोहन यांची निवड झाली. पहिल्या भागांच्या निर्मितींत हॅना-बार्बेरा या अमेरिकन संस्थेच्या मनिला येथील चित्रशाळेचें साहाय्य मिळालें आणि पुढें बरेंच काम मुंबईंत होऊं लागलें.

अडचण अशी, कीं ही मुलगी बंगला देश, हिंदुस्थान, नेपाळ आणि पाकिस्तान या चार देशांत आपली वाटावयास हवी होती. नांव कोणतें ठेवावें? जें नांव एका धर्माचें, तें दुसऱ्या घरीं परकें. 'मीना' हें नांव या सर्व प्रदेशांत चालतें, म्हणून तें ठरलें. पोशाखाचाहि तोच घोळ. साडी नेसवावी तर एका देशाची, सलवार-कमीज घालावी तर दुसऱ्याची. अखेर असा एक मधला वेष तिला दिला, कीं जो कोणा एकाचा नव्हे आणि कोणालाच खटकणार नाहीं. हें सर्व मुंबईच्या कचेरींत बसून ठरविलें नाहीं, हें विशेष. चित्रें आणि कथांचे आराखडे घेऊन माणसें या देशांतील खेड्यापाड्यांत गेलीं, तीं मुलांना आणि त्यांच्या आईबापांना दाखविलीं, ही मुलगी तुमच्यापैकीं वाटते का, हिचे वडील असें बोलतील का, असें विचारलें. आणि उत्तरें ऐकून चित्रें पुन्हां काढलीं. फ्रँकलिनच्या टेबलाशीं कोणी बाहेरचा माणूस आधीं बोलावून आणला असता, तर त्यानें तें रिकामें आसन तत्काळ दाखविलें असतें. मीनाच्या कर्त्यांनीं तो माणूस आधींच बोलाविला होता.

पहिली कथा कोंबड्यांची. १९९३ च्या सुमारास ती पडद्यावर आली. मीनाचा भाऊ राजू शाळेंत जातो; मीना घरीं राहते. तिलाहि जावयाचें आहे. पण मुलीला शाळेचा उपयोग काय, असें घरच्यांना वाटतें. मीना रडत बसत नाहीं. तिचा मिठू नांवाचा एक वाचाळ पोपट आहे. त्याला ती राजूच्या मागोमाग शाळेकडे पाठविते. मिठू धडा ऐकतो, परत येतो आणि मीनाला घडाघडा म्हणून दाखवितो. अशी ती अंक शिकते, घरच्या कोंबड्या मोजते, आणि एके दिवशीं मोजणींत एक कोंबडी कमी भरते. चोर सांपडतो. घरच्यांना कळून चुकतें, कीं मोजतां येणारी मुलगी घरांत असणें फायद्याचें आहे. आणि मीना शाळेंत जाते.

श्रोतेहो, ही कथा प्रथम पाहिली तेव्हां मला फार आवडली. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हां मनाला एक कुसळ टोंचूं लागलें. राजूला शाळेंत पाठवितांना त्याच्याकडून कोणी कोंबड्या मोजून घेतल्या नव्हत्या. तो गेला, कारण तो राजू. मीनाला मात्र आधीं चोर पकडून द्यावा लागला! तिचा हक्क तिला हक्क म्हणून मिळाला नाहीं. कामगिरीचें बक्षीस म्हणून मिळाला.

हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रांत मुलींच्या शाळांसाठीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत ज्यांनीं लेखण्या झिजविल्या, त्यांतील पुष्कळांनीं हेंच सांगितलें, कीं शिकलेली मुलगी संसार नेटका करील, हिशेब ठेवील, मुलांवर चांगले संस्कार करील. १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांना विरोध सोसावा लागला. १८८४ सालीं त्याच पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, तेव्हां मुलींनीं शिकावें कीं नाहीं हा प्रश्न मागें पडून, काय शिकावें यावर वाद पेटला. मुलांचाच अभ्यासक्रम मुलींना दिला तर घरकाम कोण करील, ही चिंता मोठमोठ्या विद्वानांनाहि पडली होती. म्हणजे शाळेचें दार उघडलें तरी उंबरठ्यावर प्रश्न उभाच: हिच्या शिकण्यानें आमचा काय लाभ? ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून हा तराजूच उलटा केला, आणि म्हणूनच कीं काय त्यांचें पुस्तक पुढें कित्येक वर्षें लोकांच्या विस्मृतींत पडून राहिलें. लाभाची भाषा बोलणारांना समाजानें शेवटीं रुकार दिला. न्यायाची भाषा बोलणारीला दिला नाहीं.

तेव्हां मीनाच्या कर्त्यांना मी दोष देऊं काय? देवूं पाहतों, पण लेखणी अडते. ते चित्र पुण्याच्या वाचनालयांतील सभासदांसाठीं नव्हतें. बंगला देशांतील खेड्यांत फिरत्या पडद्यावर तें दाखविलें जात असे आणि तेथें मीनाच्या वयाच्या मुलींशेजारीं त्यांचे बापहि बसत. न्यायाची भाषा ऐकून तो बाप उठून गेला असता, तर मुलीलाहि उठावें लागलें असतें. कोंबड्यांची भाषा ऐकून तो बसला. ती चलाखी होती, आणि ती फळली असेल तर मला ती मान्य आहे. फक्त तिला न्याय म्हणूं नये.

दुसरी कथा आंब्याची, आणि ती मला अधिक खोल वाटते. झाडावर चढून आंबा काढते मीना. आई त्याच्या फोडी करते तेव्हां मोठा वांटा राजूचा. जेवतांनाहि तोच प्रकार. राजू मुलगा, तो कष्ट करतो, त्याला जास्त खाणें हवें, असें घरचें गणित. तेव्हां दोघें एका दिवसापुरतीं आपलीं कामें बदलतात. मीनाचीं कामें करतां करतां राजूची पार दमछाक होते. गाय, कोंबड्या, पाणी, केर, लहान बहीण. एक संपतें न संपतें तों दुसरें पुढें उभें. रात्रीं मीनाच्या वांट्याचें जेवण पुढें येतें आणि पोट भरत नाहीं. मग तो जें बोलतो तें मीनानें वर्षभर सांगितलें असतें तरी कोणीं ऐकलें नसतें. भावाच्या तोंडून आलें म्हणून ऐकलें गेलें, हें एक. आणि दुसरें हें, कीं या कथेंत राजू खलनायक नाहीं. त्याला कोणी मारीत नाहीं, कोणी हंसत नाहीं. त्याला फक्त माहीत नव्हतें. मुलग्यांना शत्रु न करतां त्यांना हें दाखविणें, हें फार अवघड काम आहे आणि तें येथें साधलें आहे.

घासांतील हा भेद ज्यांना क्षुल्लक वाटेल, त्यांनीं मीनाच्या जन्माच्या काळचाच एक लेख आठवावा. १९९० सालीं अमर्त्य सेन यांनीं लिहिलें, कीं स्त्रियांना पुरुषांइतकीच काळजी मिळाली असती तर जगांत आज ज्या असावयास हव्या होत्या, अशा दहा कोटींहून अधिक स्त्रिया नाहींतच. त्या युद्धांत मेल्या नाहींत. ताटांत कमी, औषधांत उशीर, अशा हिशेबांनीं गेल्या. आणि हा केवळ अडाणी खेड्यांचा दोष आहे, अशी समजूत करून घेऊन आपणांस सुटतां येणार नाहीं. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या वयांत दर हजार मुलांमागें मुली १९९१ च्या खानेसुमारींत ९४६ होत्या; २००१ सालीं त्या ९१३ झाल्या आणि २०११ सालीं ८९४. याच वीस वर्षांत साक्षरता वाढली, दवाखाने वाढले आणि गर्भांतील मुलगी ओळखणारीं यंत्रेंहि वाढलीं. तीं यंत्रें कोंबड्या मोजणारांच्या पदरीं नव्हतीं. तीं पैसा आणि पदवी असणारांच्या वाट्याला आधीं आलीं. आमच्या शहरांतील दिवाणखान्यांत मीना 'गांवच्या लोकांसाठीं' म्हणून कोणीं फारशी पाहिली नाहीं. पाहावयास हवी होती.

पुढच्या भागांतून मीनानें लहानपणीं होणारीं लग्नें, हुंडा, स्वच्छता असे विषय हाताळले. सर्व भाग सारखे उतरले नाहींत. कांहींत उपदेश इतका वर येतो, कीं पोपटाच्या विनोदानेंहि तो गिळवत नाहीं. परंतु माझी खरी तक्रार ही नव्हे. मीनाच्या गांवांत देऊळ दिसत नाहीं, मशीद दिसत नाहीं, आणि जात तर मुळींच नाहीं. चार देशांच्या सीमा ओलांडावयाच्या म्हणून हें ओझें खालीं ठेवावें लागलें, हें मी समजूं शकतों. पण मिठू ज्या खिडकींतून धडा ऐकतो, तशा खिडकीबाहेर आपल्या देशांत पिढ्यान् पिढ्या मुलें खरोखरच बसलेलीं आहेत. त्यांना आंत न घेणारा त्यांचा बाप नव्हता, गांव होतें. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेंत बसावयास घरून गोणपाट न्यावें लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावतां येत नसे, हें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. अशा मुलीनें कितीहि कोंबड्या मोजल्या असत्या, तरी तेवढ्यानें ती वर्गांत इतरांच्या शेजारीं बसली नसती. मीनाच्या घरांत बापाचें मन वळलें कीं कथा संपते. त्या दुसऱ्या कथेंत बाप तर पहिल्यापासूनच मुलीच्या बाजूचा असतो. वळवावयाचें मन गांवाचें असतें. ती कथा मुलांच्या हलत्या चित्रांत आपल्याकडे अजून जवळजवळ कोणीं सांगितलेली नाहीं.

मीना पडद्यावर येऊन दोन-तीन वर्षें होतात न होतात, तों १९९५ सालीं कार्टून नेटवर्क ही परदेशी वाहिनी आपल्या देशांत आली आणि दिवसभर हलतीं चित्रें मिळूं लागलीं. देशी चित्र काढण्यास लागणारे कष्ट आणि पैसा यांचा हिशेब मीं मघांच सांगितला. तयार परदेशी माल विकत घेणें त्यापुढें स्वस्त. २००८ सालीं 'छोटा भीम' आला आणि देशी नायकहि मुलांना पसंत पडतो, हें सिद्ध झालें. ही समाधानाची गोष्ट. पण त्यांतल्या दांडगट मुलाचें नांव काय, तर कालिया! नांवाशीं रंग आणि रंगाशीं दुष्टपणा, ही जुळणी बसवितांना कोणाचा हात अडखळला नसावा. गोरेपणाच्या जाहिराती पाहून वाढलेल्या समाजाला त्यांत विनोदच दिसला. चुटकी नांवाची मुलगी टोळक्यांत आहे, शूर आहे, पण शक्तीचे लाडू खाऊन लढावयाचें काम भीमाचें. मीनाच्या आंब्याची ती मोठी फोड पुन्हां राजूच्याच ताटांत गेली, असें मला तें पाहतांना वाटलें. हा माझा वाईट स्वभाव असेल!

शेजारीं पाकिस्तानांत २०१३ सालीं हारून या लोकप्रिय गायकानें 'बुरखा अ‍ॅव्हेंजर' ही हलत्या चित्रांची मालिका काढली. तिची नायिका जिया ही शाळामास्तरीण; मुलींची शाळा बंद पाडूं पाहणारांशीं ती लढते आणि तिचीं शस्त्रें म्हणजे पुस्तकें आणि लेखण्या. लढतांना ओळख लपविण्यासाठीं ती बुरखा घेते. त्यावरून वाद झाला. ज्या वस्त्राला कित्येक स्त्रिया बंधन मानतात, तेंच शौर्याचें चिन्ह कां करावें, असें तिकडच्याच स्त्रियांनीं विचारलें. प्रश्न रास्त होता. पण मला या मालिकेंतील दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटली. तेथें मुलींना शाळेंत कां जाऊं द्यावें, याचें कारण कोणी विचारीत नाहीं. शाळा आहे, मुली तींत आहेत, आणि ज्याला तें सोसत नाहीं तो दुष्ट, असें धरूनच कथा सुरू होते. मीनाला जें मिळवावें लागलें, तें वीस वर्षांनीं जियाच्या विद्यार्थिनींना कथेच्या पहिल्या ओळीपूर्वींच मिळालेलें होतें. प्रत्यक्ष त्या देशांत त्याच्या आदल्याच वर्षीं मलाला युसुफझाई या शाळकरी मुलीवर गोळी झाडली गेली होती, म्हणून त्या गृहीत धरण्याला वजन येतें.

राम मोहन यांना २०१४ सालीं पद्मश्री मिळाली. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यांत ते वारले. विजया मुळे त्याच वर्षीं मे महिन्यांत गेल्या होत्या. बंगला देशांत २४ सप्टेंबर हा दिवस मीनाचा म्हणून पाळतात. आपल्याकडे उत्तर प्रदेश आणि बिहार या प्रांतांतील शाळांतून 'मीना मंच' या नांवानें मुलींचीं मंडळें निघालीं. वर्गांतली एखादी मुलगी यावयाची बंद झाली, कीं या मंडळांतल्या मुली तिच्या घरीं जातात, आईबापांना भेटतात आणि ती शाळेंत कां येत नाहीं, असें विचारतात.